नवे प्रायश्चित्त

परदेशात शिकून घरी परतलेल्या मुलामुलींबद्दल आपली एक ठरलेली समजूत आहे. तिकडच्या शिस्तीची, शांततेची, थंडीची सवय लागलेली असते. इथला उकाडा, हॉर्न, धूळ आणि शेजाऱ्यांच्या चौकशा अंगावर येतात. सहा महिने चिडचिड होते आणि मग माणूस रुळतो. शिकलेले लोक याला 'उलटा सांस्कृतिक धक्का' म्हणतात, घरचे लोक 'तिकडची हवा लागलीय' म्हणतात. निदान काहीही असो, औषध एकच: जरा जुळवून घे.

ही समजूत उथळ आहे, असे माझे म्हणणे आहे. परतलेल्याची अडचण सवयीची कमी आणि जागेची जास्त असते. त्याने शिकून आणलेल्या गोष्टीला घरात, गावात, कामाच्या ठिकाणी कुठे जागा आहे, हा खरा प्रश्न. तो समाजाला विचारायचा प्रश्न आहे. तो टाळण्यासाठी आपण सगळा भार परतलेल्याच्या स्वभावावर टाकतो. समुद्र ओलांडून आलेल्याला पूर्वी प्रायश्चित्त घ्यावे लागे. 'जुळवून घे' हे त्याच प्रायश्चित्ताचे आजचे रूप आहे.

हे म्हणणे मी कोलाडवरून तपासणार आहे. पुण्या-मुंबईत परतलेला माणूस गर्दीत विरून जातो, त्यामुळे तिथे जागेचा प्रश्न झाकला जातो. रोहा तालुक्यातले कोलाड आडगाव नाही. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो, रोह्याला सुरू होणाऱ्या कोकण रेल्वेचे स्थानक इथे आहे, धाटावची रासायनिक औद्योगिक वसाहत हाकेच्या अंतरावर आहे. तरीही गाव एवढे लहान, की आंबेवाडी नाक्यावर कोण आले आणि कोण गेले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. अशा गावात परतलेला माणूस लपत नाही आणि गावाचे वागणेही लपत नाही.

१. सवय वेगळी, जागा वेगळी

सवय ही शरीराची गोष्ट. ती एका पावसाळ्यात बदलते. तिखट पुन्हा सोसू लागते, वीज गेली तरी झोप लागते. प्रश्न एवढाच असता, तर काळ हेच औषध पुरले असते आणि लेख लिहिण्याचे कारणच उरले नसते.

जागेचे तसे नाही. शिकलेले काम करायला मिळते का, मत मांडले तर ते मोजले जाते का, बदललेल्या विचारांसह घरात वावरता येते का, या तीन गोष्टी मिळून जागा होते. ती नसेल, तर काळ औषध ठरण्याऐवजी रोग वाढवतो. पहिल्या महिन्यात उकाड्याबद्दल कुरकुरणारा मुलगा तिसऱ्या वर्षी कशाबद्दलच बोलेनासा होतो, आणि घरचे समाधानाने सांगतात, 'आता रुळला.' गप्प बसणे आणि रुळणे यांतला फरक आपण करत नाही.

कोलाडकरांना हा फरक नदीवरून लगेच कळेल. कुंडलिकेत रोज येणारे पाणी मूळचे या खोऱ्यातले नाही. ते मुळशीचे, म्हणजे भीमेच्या खोऱ्यातले. ते पूर्वेला वाहत बंगालच्या उपसागराकडे जायचे. टाटांनी ते अडवून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवले आणि भिऱ्याला खाली सोडले. १९२७ पासून तिथे त्यावर वीज तयार होते. वीजघरातून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते, मग त्यावर कालव्याखालची उन्हाळी भातशेती होते, कारखाने चालतात, आणि सकाळी पाणी सुटले की राफ्टिंगच्या बोटी निघतात. परक्या खोऱ्यातल्या या पाण्याला आधी इथल्या पाण्यासारखे होऊन दाखव, असे कुणी म्हटले नाही. त्याच्यासाठी जनित्र बसवले, बंधारा घातला, पाट काढले. ही तजवीज नसती, तर तेच पाणी नुसता पूर ठरले असते.

माणसाच्या बाबतीत मात्र आपण तजवीज न करता पुराची तक्रार करतो.

२. पंचगव्यापासून 'ॲडजस्ट कर'पर्यंत

एकोणिसाव्या शतकात विलायतेहून आलेल्या उच्चवर्णीय तरुणाला जातीत परत येण्यासाठी प्रायश्चित्त घ्यावे लागे. पंचगव्य प्राशन, दानदक्षिणा, ब्राह्मणभोजन. नाहीतर पंगतीतून बाहेर आणि घरातल्या लग्नकार्यांत अडचण. आज आपण त्याला हसतो. हसण्याआधी त्या विधीची रचना पाहावी.

पहिली गोष्ट, सगळा भार परतणाऱ्यावर. जातीने काही करायचे नसे. दुसरी, त्याने काय शिकून आणले याची चौकशीच नसे. तो वैद्यक शिकला की कायदा, विधी तोच. कारण त्याने आणलेले सगळे मुळात विटाळ मानलेले. तिसरी, विधी झाल्यावर सगळे पूर्ववत. तो शुद्ध होई आणि समाज होता तसाच राही.

आता 'ॲडजस्ट कर' या सल्ल्याला हीच तीन मापे लावू. भार कुणावर? परतलेल्यावर. काय शिकलास, याची चौकशी? विद्यापीठाचे नाव आणि पॅकेजचा आकडा यांपुढे सहसा जात नाही. आणि ॲडजस्ट झाल्यावर घरात, कचेरीत, गावात काय बदलते? काहीच नाही. मापे तंतोतंत जुळतात. फरक असलाच तर जुन्याच्या बाजूने आहे: जुने प्रायश्चित्त एका दिवसात संपे, खर्च आधी कळे आणि नंतर कुणी विषय काढत नसे. नव्याला तिथी नाही आणि सांगताही नाही.

३. चाकरमानी आणि मुक्कामाला आलेला

कोकणाला परतणाऱ्यांची सवय नाही, असे कुणी म्हणू नये. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसे गिरणीत, बोटीवर, आखातात गेली. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी आला की घर उजळते. त्याच्यासाठी कडव्या वालांचे बिरडे होते, त्याच्या तक्रारीही कौतुकाने ऐकल्या जातात. पण हे सगळे स्वागत एका अटीवर उभे आहे: तो परत जाणार. नाक्यावर पहिला प्रश्न 'कधी आलास?' आणि दुसरा 'परत कधी जाणार?' दुसऱ्या प्रश्नाला तारखेचे उत्तर मिळाले की विचारणारा निश्चिंत होतो. 'जाणार नाही, आता इथेच,' असे उत्तर आले की चेहरा बदलतो. काही बिनसले का? व्हिसा नाकारला? नोकरी गेली?

म्हणजे पाहुण्यासारखे परतण्याचा संस्कार आपल्याकडे पक्का आहे. मुक्कामाला परतण्याचा नाही. याची मोठी किंमत कोकणाने एकदा मोजली आहे. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांत कोकणातले असंख्य. संप मिटलाच नाही, गिरण्या बंद पडत गेल्या, माणसे गावी परतली. साच्यावर, सूतखात्यात, संघटनेत वर्षानुवर्षे कमावलेले त्यांचे कसब गावाने विचारात घेतले नाही. त्यांनाही एकच सल्ला मिळाला: आता जुळवून घ्या. परतलेल्याचे ज्ञान वाया घालवण्याची ही रीत परदेशी पदव्यांच्या आधीची आहे, श्रीमंतांच्या मुलांपुरतीही नाही.

मुलींच्या बाबतीत ती अधिक कडक होते. परतलेल्या मुलाला 'पुढे काय करणार?' असे विचारतात, मुलीला 'लग्नाचे काय ठरवले?' असे. परक्या शहरात एकटीने घर भाड्याने घेतलेली, रात्रीच्या शेवटच्या गाडीने परतलेली, स्वतःचे हिशेब सांभाळलेली मुलगी घरी आली, की संध्याकाळी सातनंतर नाक्यावर जायला सोबत शोधू लागते. तिच्याकडून मागितले जाते ते सवयीपेक्षा मोठे आहे. कमावलेले स्वातंत्र्य तिने परत करायचे असते.

४. जागा कुणाला मिळाली?

इतिहासाकडे याच प्रश्नाने पाहिले, तर 'स्वभाव' हे उत्तर टिकत नाही.

रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. १८९९ मध्ये केंब्रिजला सिनियर रँग्लर झाले आणि पुण्याला येऊन फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. ते छान रुळले. का? डेक्कन एज्युकेशन सोसायटीत त्यांची जागा वाट पाहत होती. पगार तुटपुंजा होता, पण काम ठरलेले होते. चिंतामणराव देशमुखांचे घरचे नाते रोह्याशी. केंब्रिजला निसर्गविज्ञान शिकून १९१८ च्या आयसीएस परीक्षेत ते पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. त्यांची जागा साम्राज्याच्या यंत्रणेने आखून ठेवलेली होती. आज रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. मात्र ती जागा रोह्याने निर्माण केली नव्हती, हेही लक्षात ठेवावे.

दुसऱ्या बाजूला एकाच घरातली दोन माणसे पाहा. इरावती कर्वे बर्लिनहून मानवशास्त्राची डॉक्टरेट घेऊन १९३० च्या सुमारास परतल्या. त्या विषयाची खुर्ची मिळायला डेक्कन कॉलेजमध्ये १९३९ साल उजाडले. मधली काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठाच्या कुलसचिवपदाचे काम केले. त्यांचे दीर रघुनाथ धोंडो कर्वे फ्रान्सहून गणित शिकून आले. गणित शिकवायला त्यांना जागा होती. पण तिकडे पाहिलेला संततिनियमनाचा विचारही त्यांनी सोबत आणला होता. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत केंद्र काढले, १९२५ मध्ये प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि पुढे खटले सोसले. समाजाला त्यांची पदवी हवी होती, त्यांचे शिक्षण नको होते.

हा भेद महत्त्वाचा आहे. पदवी ही कागदाची गोष्ट. ती भिंतीवर मावते. शिक्षण माणसाला बदलते आणि बदललेला माणूस प्रश्न विचारतो. आपण पदवीचे स्वागत करून शिक्षणाला दाराबाहेर थांबवतो.

५. बडोदा, महाड आणि मुळशी

'जुळवून घे' हा सल्ला चुकीचा, एवढेच म्हणून भागत नाही. काही वेळा तो अन्यायकारक असतो. याचा सर्वांत मोठा पुरावा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, नंतर लंडनला गेले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने परतले. बडोदा संस्थानात नोकरी ठरलेली होती. म्हणजे खुर्ची होती, पण बडोदा शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने हुसकावले, मित्रांनी घरात ठेवायला असमर्थता दाखवली आणि ते मुंबईला परतले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे.

या माणसाला 'रुळायला वेळ लागेल' असे सांगण्याचा अर्थ काय होतो? ती पुसलेली जाणीव परत लिहून घे, असा. बाबासाहेबांनी ते नाकारले. २० मार्च १९२७ ला, कोलाडवरून दक्षिणेला जाणाऱ्या याच महामार्गावरच्या महाडला, त्यांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. बडोद्याला एका परतलेल्याला खोली मिळाली नव्हती. महाडला त्याने सर्वांच्या हक्काची जागा मागितली.

दुसरे उदाहरण तर कुंडलिकेच्या पाण्याशीच जोडलेले आहे. पांडुरंग महादेव बापट शिष्यवृत्तीवर एडिंबरोला अभियांत्रिकी शिकायला गेले, तिथून क्रांतिकार्याकडे वळले आणि १९०८ मध्ये परतले. १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला आणि त्या लढ्याने त्यांना 'सेनापती' केले. धरण झाले, मावळातली गावे बुडाली, भिऱ्याची वीज मुंबईला गेली. मघाशी मी नदीचे उदाहरण कौतुकाने दिले. त्याची दुसरी बाजू बापटांनी दाखवली. जागा तयार करताना कुणाची तरी जागा जाते, आणि ती कुणाची हे आधी विचारले पाहिजे. यंत्रविद्या शिकून आलेल्या माणसाने हे विचारावे, यात त्याच्या शिक्षणाचा अपमान नाही. तेच त्याचे फळ आहे.

६. आजचा हिशेब

आज परतणे हा बहुधा ध्येयवादी निर्णय नसतो, हे मोकळेपणाने मान्य करू. अमेरिकेत पदवीनंतर एक वर्ष आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शाखांना आणखी दोन वर्षे काम करता येते. मग एच-१बी व्हिसाची सोडत. वर्षाला ८५,००० जागा आणि अर्ज त्याहून कितीतरी जास्त. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. सोडतीत चिठ्ठी न निघालेला मुलगा हुशारीत कमी नसतो; गाव मात्र त्याच्याकडे नापास झालेल्यासारखे पाहते.

पाठीमागे कर्ज असते. बँकांच्या नमुना योजनेत साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागते. शेतजमीन बँका तारण म्हणून सहसा घेत नाहीत, त्यामुळे राहते घर किंवा नवी मुंबईतली खोली गहाण पडते. शिक्षण संपून वर्ष झाले की हप्ते सुरू. डॉलरमध्ये फेडण्याच्या हिशेबाने काढलेले कर्ज रुपयांत फेडायचे असेल, तर मिळेल ती नोकरी पकडावी लागते. शिकलेल्या विषयाशी तिचा संबंध असो वा नसो. वैद्यकीय शिक्षण घेऊन आलेल्यांना तर २००२ पासून चाळणी परीक्षा आहे. ती पार होईपर्यंत डॉक्टर असूनही दवाखान्यात उभे राहता येत नाही.

या मुलाला रात्री झोप का लागत नाही, याचे उत्तर आपण 'तिकडची आठवण येते' असे देतो. उत्तर बँकेच्या पासबुकात आहे.

७. चार आक्षेप

पहिला आक्षेप: परतलेले अहंकारी असतात; 'तिकडे असे असते' हे पालुपद कोण ऐकणार? आक्षेपात तथ्य आहे. पण तुलना हा शिक्षणाचा पहिला, कच्चा टप्पा आहे. त्या वाक्यापुढे 'मग इथे कसे करता येईल?' असे विचारणारा कुणी भेटला, तर तुलनेचे काम होते. नाही भेटला, तर ते पालुपदच राहते. अहंकार बऱ्याचदा बेकार ज्ञानाला आलेली बुरशी असते.

दुसरा आक्षेप: आंबेडकर, कर्वे, बापट ही असामान्य माणसे, त्यांचे दाखले सामान्य मुलांना का लावायचे? याचे उत्तर आक्षेपातच आहे. असामान्यांनी जागा झगडून मिळवली. ज्या समाजात जागा मिळवायला असामान्य असावे लागते, तो समाज सामान्यांचे शिक्षण फुकट घालवतो.

तिसरा आक्षेप: कोलाडमध्ये संधीच नाही, त्यांनी मुंबई-पुणे गाठावे. काही विषयांना हे लागू आहे, सगळ्यांना नाही. कारखान्यांचे सांडपाणी, कालव्याची गळती, राफ्टिंगची सुरक्षितता, वर्षानुवर्षे रखडलेल्या महामार्गावरचे अपघात, उन्हाळी भाताचे अर्थकारण: हे प्रश्न कोलाडचेच आहेत आणि यांतला प्रत्येक जगातल्या कुठल्या ना कुठल्या विद्यापीठात शिकवला जातो. काम आहे, त्याचे पद नाही, पगार नाही आणि विचारणारा नाही.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार: जे कधी गेलेच नाहीत, त्यांचे काय? आयटीआय करून धाटावला पाळ्या करणाऱ्या मुलाला कुणी विचारत नाही. मग विमानातून उतरलेल्यालाच खुर्ची का? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि तो माझ्या मुद्द्याला बळकटी देतो. यंत्रावरच्या कामगाराला, पाटाचे पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्याला, नदीतला प्रत्येक दगड ओळखणाऱ्या बोटीवरच्या गाइडला जे येते, त्यालाही आपण जागा दिलेली नाही. परतलेल्याला मान आणि यांना दुर्लक्ष, अशी मागणी असेल तर ती फेटाळावी. दोघांच्या ज्ञानाची गाठ पडेल असे ठिकाण हवे, ही मागणी आहे.

८. मग करायचे काय?

घराने करायची गोष्ट अवघड आहे, पण खर्चाची नाही: परतण्याला अपयश म्हणणे थांबवायचे आणि मुलीने परदेशात वापरलेले स्वातंत्र्य घरातही तिचेच राहू द्यायचे.

गावाने आपल्याकडे असलेली साधने वापरायची. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात. ग्रामपंचायतीला ग्रामविकास समित्या नेमता येतात. पाणी, आरोग्य, नदी यांच्या समितीत परतलेली मुलगी आणि पाटकरी शेजारी बसायला कुठला कायदा आडवा येत नाही. रोह्या-कोलाडच्या शाळा-महाविद्यालयांनी महिन्यातून एक तास अशा तरुणांना द्यावा आणि विषय त्यांच्या यशाचा न ठेवता त्यांच्या अभ्यासाचा ठेवावा.

परतलेल्यांनीही एक गोष्ट करायची आहे. जागा मागताना जागेची माहिती करून घ्यायची. ज्या नदीवर बोलायचे, तिचे पाणी कुठून येते आणि त्यासाठी कुणाची घरे बुडाली, हे ठाऊक असले पाहिजे.

कोलाड स्थानकावरून १९९९ पासून कोकण रेल्वे ट्रकसुद्धा वाहून नेते. भरलेला ट्रक वाघिणीवर चढतो आणि गोव्यात वेर्ण्याला तसाच भरलेला उतरतो. वाटेत कुणी त्याला माल उतरवून ठेवायला सांगत नाही. माणसाला मात्र आपण घराच्या उंबऱ्यावर हेच सांगतो: रिकामा हो, मग आत ये.

तेव्हा यंदा गणपतीत कुणाचा मुलगा किंवा मुलगी परतलेली भेटली, तर 'परत कधी जाणार?' हा प्रश्न एवढ्यापुरता गिळावा. 'काय शिकून आलीस, आणि त्यातले इथे काय लागेल?' असे विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबावे.